पेन्सिलीचा नंबर

भिवंडी
शुक्रवार, १० ऑगस्ट १९९०

ओतूरकर साहेबांना अब्दुर्रहमानचा सलाम.

अक्षर ओळखलं असेलच. चार वर्षं रोज हेच अक्षर तुमच्या टेबलावर येत होतं. आज शुक्रवार, लूम बंद, म्हणून घरात बसून लिहिता येतंय. एरवी मागच्या गाळ्यात थोरल्या मुलाचे चार कापडाचे लूम सुरू असले की सफियाला चहा मागायचा तरी ओरडून मागावा लागतो. मला निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे.

गेल्या महिन्यात आपल्या कचेरीतला मजीद पुण्याला तुमच्या संस्थेत आठ दिवस प्रशिक्षणाला आला होता. परतला तो छाती फुगवूनच. "चाचा, साहेबांनी अख्खा दीड तास आपल्यावर घेतला. आपल्या फळ्याचा फोटो एवढा मोठा भिंतीवर दाखवला. तुमचं नावपण घेतलं." मग तुम्ही गोष्ट कशी सांगता तेही त्याने सांगितलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, अशी ही कचेरी. साहेबांनी येऊन दारात काळा फळा लावला. दर सोमवारी प्रत्येक टेबलासमोर तीन आकडे: आले किती, निकाली किती, शिल्लक किती. वर्षाच्या आत सगळ्या टेबलांसमोर शिल्लक शून्य. आवक लेखनिक अब्दुर्रहमान यांच्यासारख्या साध्या माणसांनी हे करून दाखवलं, असं तुम्ही म्हणालात म्हणे. बरं वाटलं. ते लपवत नाही.

आणि तुम्ही सांगता त्यातलं पुष्कळ खरंही आहे. पहिले सात-आठ महिने तर सोळा आणे खरं. पुतळाबाई आठवते? निराधार बाईचा दाखला तिला नऊ दिवसांत मिळाला, तर दुसऱ्या दिवशी ती परत आली. एवढ्या लवकर मिळाला, म्हणजे कागद खोटा तर नाही ना, हे विचारायला. तुम्ही हसून हसून डोळे पुसत होता.

आज लिहिण्याचं कारण मात्र वेगळं आहे. मागच्या मंगळवारी माझ्या दारात एक बाई आली. बायडी. अकलोलीच्या पुढे टेकडीच्या पायथ्याला सतरा झोपड्यांचा पाडा आहे, तिथली. चालत वज्रेश्वरीपर्यंत आणि तिथून एसटीने. लुगड्याच्या गाठीतून तंबाखूची डबी काढली, डबीतून प्लास्टिक आणि प्लास्टिकमधून एक चिठ्ठी. आपल्या कचेरीची पोच. भूमिहीनांना घरासाठी जागा द्यायची योजना होती ना, मुदत एकतीस मार्च शहाऐंशी? त्या अर्जाची. तिचं म्हणणं, अर्ज मुदतीच्या आधी दिला होता. आवक वही म्हणते बावीस एप्रिल. म्हणून अर्ज फेटाळला गेला. ज्याच्या जमिनीवर झोपड्या आहेत त्या मालकाला आता गरम पाण्याच्या कुंडावर येणाऱ्या लोकांसाठी लॉज बांधायचा आहे. दिवाळीच्या आत पाडा उठवा म्हणतो. कोणा भल्या वकिलाने तिला ठाण्यात अपील करून दिलं आहे. सुनावणी आठ ऑक्टोबरला.

चिठ्ठीवर गोल शिक्का आहे. नंबर आणि तारीख मात्र नाही. बाकी नुसता कोरा कागद.

"यो कागुद तूच दिल्ला व्हता ना?" ती म्हणाली. "मंग त्यावरचा आकडा कुठं गेला? मी तं कवा पान्यात न्हाय घातला."

त्या काळी कचेरीत कोणीतरी पेन्सिलने नंबर टाकत असावं, असं मी तिला सांगितलं. तुम्हाला काही आठवतं का, तेवढं कळवावं.

आपला,
अब्दुर्रहमान


भिवंडी
शुक्रवार, ३१ ऑगस्ट १९९०

साहेब,

उत्तर आलं नाही. कामात असाल. मी मात्र तीन आठवडे नीट जेवलेलो नाही. सफिया काल म्हणाली, "तुमी सायबाला अर्धाच लिवलाव, म्हनून उत्तर येत नाय. आता पुरा लिवा." चाळीस वर्षांच्या संसारात ती किती वेळा चुकली ते बोटांवर मोजता येईल.

तर पुरं लिहितो. 'कोणीतरी' म्हणजे मी.

फळा लागून आठ महिने झाले आणि सोपे अर्ज संपले. उरले ते अडणारे. तलाठ्याचा अहवाल हवा, जागेची पाहणी हवी. तलाठ्याकडे अकरा गावं आणि एक सायकल, तीही पावसाळ्यात खांद्यावर. अहवाल यायला दोन-दोन महिने. पण फळा त्या तलाठ्याला ओळखत नव्हता. तो आमच्या टेबलासमोर 'शिल्लक १९' लिहायचा आणि येणारा-जाणारा आमच्याकडे बघायचा. त्यात मुंबईहून मोठे साहेब फळा बघायला येणार असं ठरलं. दोन दिवस तुम्ही डबा तसाच परत नेलात.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. अर्ज घ्यायचा, पण आवक वहीत चढवायचा नाही. माझ्याकडे एक लांबट वही होती, लूमवाल्यांकडे असते तसली. त्यात पेन्सिलने नंबर आणि तारीख टाकायची, पोचेवरही पेन्सिलनेच. सगळे कागद जुळले, निकाल तयार झाला, की मग त्या दिवशीच्या तारखेने आवक वहीत पेनाने चढवायचं. सकाळी आवक, संध्याकाळी निकाली. शिल्लक शून्य. मोठ्या साहेबांनी फळ्यासमोर उभं राहून फोटो काढला. तोच फोटो तुम्ही भिंतीवर दाखवता.

कोणाचं नुकसान नाही असं मला वाटायचं. काम तर होतच होतं, नुसती तारीख मागची-पुढची. एकही अर्ज मी हरवू दिला नाही. पण तारखेवर कोणाचं घर टांगलेलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायडीने अर्ज आणला अकरा फेब्रुवारीला. माझ्या वहीत पेन्सिलीचा नंबर दोनशे चौदा. सतरा अंगठे. तलाठ्याचा अहवाल आला बावीस एप्रिलला आणि त्याच दिवशी मी तो अर्ज पेनाने चढवला, नंबर सहाशे एक्याऐंशी. वरच्यांनी वही बघितली, मुदत बघितली, फेटाळला. 'मुदतीनंतर प्राप्त.' तो फेटाळल्याचा कागदही मीच जावक केला, साहेब. माझ्याच हाताने पत्ता घातला आणि तरीही माझ्या लक्षात आलं नाही. सतरा घरांना मी उशीर झाला म्हणून कळवलं, आणि उशीर माझा होता.

तुम्ही विचाराल, असं का केलंत. स्वतःच्या बढतीसाठी नाही, हे तुम्ही जाणता. चौऱ्याऐंशीच्या कर्फ्यूत आमच्या मोहल्ल्यात पाच दिवस चूल थंड होती. सहाव्या दिवशी गल्लीत जीप उभी राहिली आणि तुम्ही स्वतः खांद्यावर पिठाची गोणी घेऊन उतरलात. सफियाने दार उघडलं तर तुम्ही म्हणालात, "वहिनी, अब्दुर्रहमान कामावर आले नाहीत, म्हणून कामच इकडे घेऊन आलो." ती ते वाक्य अजून सांगते आणि अजून रडते. अशा माणसाच्या फळ्यावर शून्य दिसावं हे मी माझं काम मानलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

वही माझ्याकडे आहे. निवृत्त होताना बाकी सगळं सोपवलं. कचेरीच्या हिशेबी जी वहीच नाही ती कोणाच्या ताब्यात देणार? ती सुनावणीत दाखवली तर बायडीचा अर्ज वेळेत आला होता हे उघड होतं. माझ्यावर चौकशी बसेल, पेन्शन अडकेल. ते मी बघून घेईन. पण पेन्सिलीचं लिखाण आहे. मालकाचा वकील म्हणेल, म्हाताऱ्याने काल रात्री बसून लिहिलं. म्हणून वर कोणा अधिकाऱ्याचा शब्द लागेल. अशी पद्धत होती, एवढंच तुम्ही लिहून द्यावं. तुम्हाला ती नंतर कळली असं लिहिलंत तरी माझी हरकत नाही. तुमचा ह्यात काही संबंध नव्हता असं मीही सांगेन.

अब्दुर्रहमान


भिवंडी
शुक्रवार, २१ सप्टेंबर १९९०

साहेब,

पत्र मिळालं. टाइप केलेलं. पूर्वी तुम्ही मला चिठ्ठीसुद्धा हाताने लिहायचात.

तुमच्या चार ओळी मी इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे माझा समज चुकत असेल तर सांगाल. 'आपण उल्लेख केलेल्या वहीची मला कल्पना नाही. आपले निवृत्तिवेतन सुरळीत सुरू आहे. या वयात जुन्या कागदपत्रांत पडणे आपल्या हिताचे नाही. प्रकृतीस जपावे.'

प्रकृतीला जपतोय. रागाने थोडी बिघडली आहे इतकंच.

मागच्या पत्रात मी तुमच्यासाठी वाट मोकळी ठेवली होती. तुम्ही त्या वाटेने यावं म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती. आता लिहितो. वही माझ्या मांडीवर उघडी आहे. पान बेचाळीस. शुक्रवार, चौदा फेब्रुवारी शहाऐंशी. दोनशे चौदा नंबरच्या खाली आडवी रेघ आणि रेघेखाली हिरव्या शाईत 'प्र. ओ.', त्याखाली तारीख. तुमच्या 'ओ'ची शेपटी वर वळते. ती मी लाख सह्यांत ओळखेन. अशा एकसष्ट सह्या आहेत, साहेब. मी मोजल्या.

पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात ती वही तुमच्या हाती लागली. मी टेबलासमोर उभा होतो. तुम्ही बराच वेळ पानं उलटलीत. वर बघितलंत तेव्हा चेहरा थकलेला होता. म्हणालात, "काही हरवत नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग दर शुक्रवारी मला दाखवत जा." आणि हिरवं पेन काढलंत. तुम्ही वाईट हेतूने सही केली नाहीत, हे मी कुराणावर हात ठेवून सांगेन. हे चालू राहणारच असेल तर निदान आपल्या नजरेखाली राहावं, असा तुमचा विचार. मला त्या दिवशी केवढा आधार वाटला. साहेबांची सही आली, म्हणजे पाप अर्धं झालं! आता वाटतं, त्या दिवशी तुम्ही वही माझ्या तोंडावर फेकली असतीत तर सतरा घरं वाचली असती. आणि मी ती तुमच्यापर्यंत येऊच दिली नसती, तर निदान आपली दोस्ती वाचली असती.

तुमच्या निरोपसमारंभात, हार-नारळ झाल्यावर, मी जिन्याखाली तुम्हाला गाठलं होतं. म्हटलं होतं, ती वही आता बंद करू या, नव्या साहेबांना सगळं सांगू या. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "अब्दुर्रहमान, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गेल्यावर मला काही सांगू नका." त्यानंतर तीन ईदला मी कार्ड पाठवलं. एकाचंही उत्तर नाही. तेव्हा मला वाटलं, मोठ्या जागी गेले, विसरले. आज कळलं, विसरला नव्हता म्हणून लिहिलं नाहीत.

तुम्ही तिथे नव्या अधिकाऱ्यांना शिकवता. कारकुनाकडून काम कसं करून घ्यावं. मला कोणी बोलावणार नाही, म्हणून इथेच सांगतो. तुमचा फळा वाईट नव्हता. त्याला एक रकाना कमी होता: 'कशामुळे अडलं'. तिथे आम्ही खरं लिहू शकलो असतो की तलाठ्याकडे अकरा गावं आहेत, तर सोमवारी सोमवारी ते सगळ्या गावाने वाचलं असतं आणि वरच्यांना दुसरा तलाठी द्यावा लागला असता. पण तुम्ही फक्त आकडा विचारलात. आम्ही तुमच्यावर जीव टाकणारी माणसं. आम्ही आकडा दिला.

कागद कचेरीमार्फत दाखल करायची शेवटची तारीख तीन ऑक्टोबर आहे. मी वही आणि माझा जबाब घेऊन सकाळी अकराला कचेरीत जाईन. त्याआधी तुम्ही स्वतः लिहून दिलंत तर बरं, म्हणजे तुमची गोष्ट तुमच्या तोंडून जाईल. नाही दिलंत तर पान बेचाळीस बोलेल. मी ते फाडणार नाही. माझा हात त्या पानाकडे एकदा गेला होता, हेही सांगून ठेवतो. सफिया समोर तांदूळ निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "त्या बाईनं कोरा कागद चार वर्सं जपला." मी वही मिटली.

हे पत्र रजिस्टरने पाठवतोय. मिळालं नाही असं म्हणता येऊ नये.

अब्दुर्रहमान


भिवंडी
शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९९०

साहेब,

तीन तारखेला सकाळी अकरापासून मी कचेरीच्या दारात वाट बघितली. जीप आली की मान वळायची. बायडी पायरीवर बसून होती. साडेअकराला ती म्हणाली, "तुजा सायेब न्हाय येत. चल." आम्ही आत गेलो.

माझ्या जागेवर आता कमळ म्हणून मुलगी आहे. हुशार, अक्षर सुंदर. मला बघून उठून उभी राहिली, चाचा म्हणून खुर्ची दिली. तिने जबाब वाचला, वही उलटून बघितली, चेहरा गंभीर झाला. मग पोचेचा कागद ओढला, कानामागे हात नेला आणि पेन्सिल काढली.

मी म्हटलं, "बेटा, हे काय?"

"आत्ता कच्चा नंबर टाकते, चाचा. साहेबांनी बघितलं की पक्का चढवते."

"असं कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? आपल्याकडे पहिल्यापासून अशीच पद्धत आहे. नाहीतर फळ्यावर शिल्लक दिसते ना."

साहेब, पहिल्यापासून! मला वाटत होतं, मी वही घरी नेली, म्हणजे माझं पाप माझ्या कपाटात आहे. ते तर तिथेच टेबलावर बसून पगार घेत होतं. मी एक वही लपवली, आणि कचेरीने दुसरी आणली. त्या पोरीला शिव्या तरी कशा देणार? तिला शिकवणारा मजीद, आणि मजीदला शिकवणारा मी.

मी तिला म्हटलं, "ही पद्धत काढणारा माणूस तुझ्यासमोर बसलाय. ती कशी उलटते ते त्या जबाबात वाचलंस. आता पेन घे." ती घुटमळली. साहेब रागावतील म्हणाली. मी म्हटलं, "रागावू देत. मला घाई नाही, मी पेन्शनवर आहे." आणि खुर्चीवर मांडी घालून बसलो. पाऊण तास बसलो. बायडी टेबलाला टेकून उभी. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले. शेवटी त्या रांगेतलाच एक लूम कामगार म्हणाला, "मॅडम, लिख दो ना पेन से. शाई खतम है तो मेरा ले लो." आणि खिशातला पेन पुढे केला. कमळला हसू आलं. तिने त्याच्याच पेनाने लिहिलं: आवक क्रमांक १४०७, दिनांक ३ ऑक्टोबर. मग उठून दारात गेली, तिच्या टेबलासमोरचं शिल्लकेचं शून्य बोटाने पुसलं आणि खडूने '१' लिहिलं.

आठ तारखेला ठाण्यात सुनावणी झाली. मालकाच्या वकिलाने अगदी मी म्हटलं होतं तेच विचारलं: पेन्सिलीचं लिखाण, कशावरून त्याच दिवसाचं? अधिकाऱ्यांनी पान बेचाळीस खिडकीपाशी नेलं. "ही हिरवी सही कोणाची?" मी तुमचं नाव सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं. बायडी माझ्याकडे बघत होती. निकाल तिथल्या तिथे वाचून दाखवला: अर्ज अकरा फेब्रुवारीलाच आला असं धरायचं, म्हणजे मुदतीत. त्यावर नव्याने निर्णय घ्यायचा आणि तोवर मालकाने झोपड्यांना हात लावायचा नाही. जागा अजून मिळालेली नाही. पण पाड्यातले लोक दिवाळी आपापल्या झोपडीत करतील.

मला खुलासा मागणारी नोटीस परवा आली. तुम्हालाही येईल, कदाचित आलीही असेल. मी खुलाशात खरं ते लिहिणार आहे, पिठाच्या गोणीसकट. साहेबाने कर्फ्यूत कारकुनाच्या घरी पीठ आणलं हेही रेकॉर्डवर असू दे. ते पुसायचं काही कारण नाही. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि तुमची आठवण येते, तीही गेलेली नाही. नोटिशीसाठी भिवंडीला यावं लागलं तर उतरायला घर आहे. सफियाने सांगायला सांगितलंय.

एक राहिलं. ठाण्याहून परतताना बायडीने हट्ट धरला, कचेरीत जायचं. मला वाटलं, काही कागद राहिला असेल. ती सरळ फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही, पण तीन तारखेला कमळने खडूने काय केलं ते तिने नीट बघून ठेवलं होतं. '१' वर बोट ठेवून मला विचारलं, "यो आमचा हाय ना?"

मी म्हटलं, हो, तुमचाच.

तेवढ्यात कमळ सोमवारचे नवे आकडे मांडायला ओला फडका घेऊन बाहेर आली. बायडीने तिचं मनगट धरलं.

"पोरी, आमाला जागा मिलं तवर यो पुसू नको."

कमळने फडका खांद्यावर टाकला आणि बाकीच्या टेबलांचे आकडे पुसून घेतले. आमचा आकडा तसाच ठेवला. मी आज नमाजावरून येताना मुद्दाम तिकडून आलो. अजून आहे.

तुमचा,
अब्दुर्रहमान